जागतिक संकटं ग्रुपमध्ये कशी शिकवायची? सध्या ग्रुप म्हणजे नुसती स्लाइडची वाटणी होतेय

नवा_मास्तर

नमस्कार मंडळी, यंदा माझ्या गळ्यात एक नवीन पेपर पडलाय, पदवीच्या शेवटच्या वर्षाला, विषय जागतिक संकटं. हवामान, महामारी, अन्नटंचाई, निर्वासित, कर्जात बुडालेले देश वगैरे सगळं त्यात कोंबलंय. कुठल्याही शाखेच्या विद्यार्थ्याला घेता येतो त्यामुळे वर्गात कॉमर्सवाले, बायोवाले, इतिहासवाले, थोडे इंजिनिअरिंगवाले अशी सरमिसळ आहे आणि खरं तर म्हणूनच मला वाटलेलं की नुसतं लेक्चर ठोकण्यापेक्षा ग्रुपमध्ये शिकू देत, एकमेकांचं ज्ञान कामाला येईल.

प्रत्यक्षात काय होतंय तर प्रत्येक ग्रुपला एक संकट दिलं, त्यांनी आपापसात स्लाइड वाटून घेतल्या, आदल्या रात्री कुणीतरी एकाने त्या शिवल्या, आणि वर्गात प्रत्येक जण स्वतःची स्लाइड वाचून बाजूला होतो. तिसऱ्या स्लाइडवाल्याला पाचव्या स्लाइडमधलं विचारलं की तो पाचव्याकडे बघतो. आणि शेवटची स्लाइड सगळ्यांची सारखीच: जनजागृती, आंतरराष्ट्रीय सहकार्य, शाश्वत विकास, धन्यवाद. बाकीचा वर्ग तोवर मोबाईलमध्ये.

त्यात एक-दोन जण राबतात आणि बाकीचे फुकटचे मार्क नेतात ही तक्रार आहेच. आणि अजून एक, लागोपाठ चार-पाच संकटं ऐकून पोरं इतकी मरगळतात की एकीने सरळ विचारलं, सर सगळं संपणारच असेल तर परीक्षा कशाला घेताय. हसू आलं पण उत्तर काही सुचलं नाही.

कुणी हा प्रकार नीट जमवलाय का? नुसतं 'इंटरॅक्टिव्ह करा' असं सांगू नका प्लीज, नेमकं काय करता ते सांगा.

जुना_खडू

तुमचा घोळ ग्रुपमध्ये नाहीये, तुम्ही दिलेल्या कामात आहे. 'अन्नटंचाई' हा विषय दिला की तो कापता येतो, पाच तुकडे पाच जणांना, आणि कापता येणारं काम पोरं कापणारच, त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं. त्यामुळे विषय देऊ नका, निर्णय द्या. तारीख, देश, हातात असलेली माहिती, आणि अर्ध्या तासात एकच उत्तर हवं. निर्णयाचे पाच तुकडे करून वाटून घेता येत नाहीत.

दुसरं म्हणजे माहिती मुद्दाम फोडून द्या. ही जिगसॉ पद्धत, एलियट अॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या शाळांत सुरू केली. तिथे गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नव्यानेच एका वर्गात बसायला लागलेली आणि वातावरण भयंकर तापलेलं होतं. त्याने केलं काय तर धड्याचा एकेक भाग एकेका मुलाला दिला, म्हणजे शेजारच्याचं ऐकल्याशिवाय धडा पूर्णच होत नाही. गटातला प्रत्येक जण आधी आपल्याच भागाच्या इतर गटांतल्या लोकांबरोबर बसतो, तो भाग पक्का करतो आणि मग स्वतःच्या गटात परत येऊन शिकवतो. कॉलेजातही चालतं, फक्त धड्याच्या जागी एकमेकांशी भांडणारी कागदपत्रं द्यायची.

मी जो प्रसंग घेतो तो २००७-०८ चा तांदूळ. मला विचाराल तर सहकार्य का फसतं हे दाखवायला याच्याइतका चांगला प्रसंग नाही, कारण त्या वर्षी तांदळाचं पीक बुडालेलंच नव्हतं. २००७ च्या अखेरीस टनाला साडेतीनशे डॉलरच्या आसपास असलेला थाई तांदूळ २००८ च्या एप्रिल-मेमध्ये हजार डॉलरच्या वर गेला, आणि पीक तर नीट आलेलं. मग झालं काय? हे मी सांगत नाही, वर्गाला घडवू देतो.

सात गट करायचे. भारत, व्हिएतनाम, थायलंड, फिलिपिन्स, जपान, आयातीवर जगणारा सेनेगल, आणि सातवा संयुक्त राष्ट्रांचा जागतिक अन्न कार्यक्रम. प्रत्येकाला दोन पानी बंद पाकीट. भारताच्या पाकिटात असतं की जगात गव्हाचे भाव भडकलेत, गहू आयात करणं महाग पडतंय, तेव्हा घरातला तांदूळ बाहेर जाऊ द्यायचा का ते ठरवा. व्हिएतनामच्या पाकिटात देशातली महागाई. फिलिपिन्सच्या पाकिटात एवढंच की तुम्ही जगातले सर्वात मोठे आयातदार आहात, भाव चढतायत, आत्ता घेताय की थांबताय. अन्न कार्यक्रमाच्या पाकिटात ठरलेलं बजेट आणि वाढलेला खर्च (त्यांनी खरोखरच मार्च २००८ मध्ये देणगीदारांकडे ५० कोटी डॉलर जादा मागितले होते).

मी फळ्यावर फक्त भाव लिहितो. कुणी निर्यातबंदी केली की भाव वर. कुणी घाबरून मोठं टेंडर काढलं की अजून वर. जगात पिकणाऱ्या तांदळातला जेमतेम ७ टक्के तेव्हा देशांच्या सीमा ओलांडायचा, त्यामुळे बाजार इतका पातळ की एकाने हात आखडला तरी सगळे हलतात, हा आकडा मात्र मी सगळ्याच पाकिटांत घालतो.

आता फिलिपिन्सच्या टेबलाशी जाऊन उभं राहायचं. पहिल्या फेरीत शांतता असते, एखादी मुलगी म्हणते थांबूया, पीक चांगलंय, भाव उतरेल. मग भारताची बंदी जाहीर होते. लगेच शेजारचा म्हणतो अगं पुढच्या फेरीत मिळालाच नाही तर? व्हिएतनामने नवे करार थांबवले की तीच मुलगी उठून फळ्यापाशी येते आणि हवा त्याच्या दुप्पट तांदूळ मागते, वाटेल त्या भावाला. तिकडे सेनेगलवाले ओरडत असतात की अरे तुमच्यामुळे आम्हाला परवडेना झालं. कुणीच वेडेपणा केलेला नसतो, प्रत्येक गटाचा कागद वाचा, प्रत्येकाचं कारण चोख. आणि फळ्यावरचा भाव बघून सगळे गप्प. २००८ मध्ये हेच झालं होतं हे मी त्यानंतर सांगतो, आधी नाही.

मागच्या_बाकावरची

मी विद्यार्थीच आहे त्यामुळे दुसऱ्या बाजूने सांगते. सर, ग्रुप प्रोजेक्टचं खरं आयुष्य वर्गात नसतंच, ते व्हॉट्सअॅप ग्रुपवर असतं. आणि तिथे चित्र असं की एक जण 'कोण काय करतंय' विचारतो, दोन जण अंगठा दाखवतात, एक जण मेसेज वाचून गायब, आणि डेडलाइनच्या आदल्या रात्री ज्याला स्वतःच्या मार्कांची काळजी आहे तो बिचारा सगळं करतो. आता तर अजून सोपं झालंय, चॅटबॉटला सांगितलं की तुमची ती जनजागृती-सहकार्य-शाश्वत विकासवाली स्लाइड अर्ध्या मिनिटात तयार. खोटं कशाला बोलू, आम्ही करतो.

म्हणून घरी करायचं ग्रुपवर्क शक्यतो नकोच. घरी फक्त वाचायला द्या आणि तेही मोजकं, चाळीस पानी रिपोर्ट दिला तर कुणीही वाचणार नाही, जुना_खडू म्हणतायत तसं दोन पानं असतील तर वाचतो. भांडण, निर्णय, लिखाण सगळं वर्गातच होऊ द्या.

अजून एक, ग्रुप आम्हाला निवडू देऊ नका. मैत्रीचे ग्रुप झाले की कुणी कुणाला 'तू काही केलं नाहीस' म्हणू शकत नाही. आमच्या एका मॅडम सरळ शाखा बघून मिक्स करायच्या, सुरुवातीला राग यायचा पण महामारीच्या विषयात आमच्या ग्रुपमधला अकाउंट्सवाला लस खरेदीच्या आगाऊ कराराचं कलम वाचून म्हणाला की यात उशीर झाला तरी कंपनीला काहीच तोशीस नाही, पैसे मात्र आधीच गेलेत. आम्ही बायोवाले तोपर्यंत फक्त लस कशी काम करते यावरच बोलत बसलो होतो. ते अजून लक्षात आहे.

आकडेमोड

तांदूळ भारी आहे, मी पण ढापणार. पण इतकी पाकिटं बनवायला वेळ नसेल तर तयार गोष्टी पण आहेत. एन-रोड्स म्हणून क्लायमेट इंटरॅक्टिव्ह आणि एमआयटी स्लोनने मिळून बनवलेलं मॉडेल आहे, फुकट, ब्राउझरमध्येच चालतं. स्लायडर सरकवायचे, कोळशावर कर, कार्बनची किंमत, झाडं लावणे, इमारतींची कार्यक्षमता वगैरे, आणि २१०० साली तापमान किती वाढलेलं असेल ते लगेच दिसतं. मुलं हमखास आधी झाडांचा स्लायडर शेवटपर्यंत ओढतात आणि आकडा अगदी थोडासा हलतो. तो चेहरा बघण्यासारखा असतो. मग कार्बनची किंमत वाढवतात, आकडा चांगला खाली येतो आणि लगेच भांडण सुरू, ही किंमत भरणार कोण. तिथून पुढचा तास आपोआप चालतो.

ज्यांना सिस्टीम म्हणजे काय ते दाखवायचंय त्यांनी डेनिस मेडोजचा फिशबँक्स खेळ बघा, जुना आहे पण मस्त. प्रत्येक गट मासेमारी कंपनी, जहाजं घ्या, किनाऱ्याजवळ की खोल समुद्रात ते ठरवा, नफा वाढवा. बहुतेक वर्ग मासे संपवून टाकतात आणि ते संपत आल्याचं कळतं तेव्हा जहाजं विकायलाही गिऱ्हाईक नसतं. त्याला जोडून न्यूफाउंडलंडचा कॉड सांगायचा, १९९२ च्या जुलैमध्ये कॅनडाने मासेमारी बंद केली आणि सुमारे ३०,००० लोकांचं काम गेलं. आधी कॉड सांगून मग खेळ घेतला तर सगळे शहाण्यासारखे खेळतात आणि काहीच शिकत नाहीत, त्यामुळे क्रम सांभाळा.

आणि हो, खेळ संपल्यावरची चर्चा खेळाइतकीच लांब ठेवा. बरेच जण तास संपला म्हणून ती उडवतात, मग पोरांना फक्त 'मजा आली' एवढंच आठवतं.

कडू_कारलं

सगळे खेळाच्या प्रेमात पडलेले दिसतायत म्हणून जरा पाणी ओततो.

एक तर या सगळ्यात ज्ञान पातळ राहतं. जिगसॉमध्ये ज्याचा त्याचा तुकडा पक्का होतो, बाकीचे तुकडे दुसऱ्या विद्यार्थ्याने जसे सांगितले तसे, म्हणजे अर्धे चुकीचे. व्यापार म्हणजे काय, निर्यातबंदी कशी लावतात, राखीव साठा कशाला ठेवतात हे माहीत नसलेली मुलं फळ्यावर भाव वाढवून काय शिकणार? आधी दोन-तीन तास नीट लेक्चर लागतंच. लेक्चरला शिव्या द्यायची फॅशन झालीये, पण चांगलं लेक्चर वीस मिनिटांत जे देतं ते मिळवायला ग्रुपला आठवडा लागतो.

दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं. निर्वासितांचा रोलप्ले नावाचा प्रकार मी बघितलाय. मुलांना सांगितलं तुम्ही निर्वासित, बॅगेत पाच वस्तू घ्या, सीमा ओलांडा. वर्गात हशा. आणि त्याच वर्गात एक मुलगा असा होता की ज्याच्या घरच्यांनी हे खरोखर केलेलं. तो पुढच्या तासाला आलाच नाही. भुकेल्याचा, पळून आलेल्याचा अभिनय करायला लावू नका बाबांनो, अभिनय करून भूक कळत नाही आणि वर कळल्याचा भ्रम होतो.

जुना_खडू

@कडू_कारलं दुसरा मुद्दा शंभर टक्के मान्य. माझा नियम साधा आहे, खुर्चीतल्यांची भूमिका द्यायची, सोसणाऱ्यांची नाही. मंत्री, अन्न संस्थेचा अधिकारी, कंपनीचा संचालक, सीमेवर कागद तपासणाऱ्याचा वरिष्ठ. ज्यांच्यावर वेळ आली त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत वाचायचं, मुलाखती असतात, साक्षी असतात. आणि वाचून झालं की त्या खुर्चीतल्या गटाला स्वतःचा निर्णय परत बघायला सांगायचा. बदलला नाही तरी चालेल, का नाही बदलला ते लिहा.

पहिल्या मुद्द्यावर अर्धंच मान्य. लेक्चर हवंच, पण मी ते मध्ये घालतो. निर्यातबंदी म्हणजे काय हे आधी सांगितलं तर लिहून घेतात आणि विसरतात. स्वतः बंदी घालून भाव दुप्पट झालेला बघितला की मगच 'सर असं कसं झालं' विचारतात. तेव्हा वीस मिनिटं बोलायचं, तेव्हा सगळे ऐकत असतात. तुकडा चुकीचा शिकवला जातो हे खरंय, म्हणून एकाच भागावर आधी जे एकत्र बसतात त्या टेबलांवर मी फिरतो, स्वतःच्या गटात परत गेल्यावर नाही. चूक तिथेच पकडायची.

कडू_कारलं

मध्ये लेक्चर हे चालेल. बाकी माझं कडू ते कडूच.

नवा_मास्तर

अरे वा, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. खुर्चीतल्यांचा नियम तर लगेच लिहून ठेवला. दोन गोष्टी मात्र राहिल्या, मार्कांचं काय करायचं, आणि ती मरगळ. तांदळाचा खेळ पण शेवटी 'सगळे शहाणे आणि सगळं बुडालं' असाच संपतो ना?

आकडेमोड

मार्कांचं मी सांगतो. लोक ग्रुपमध्ये कमी जोर लावतात हे काही आजच्या पिढीचं नाही, १९७९ मध्ये बिब लाताने नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लोकांना नुसत्या टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून मोजलं होतं, ग्रुप मोठा झाला की माणशी आवाज कमी. जिथे आपला वाटा वेगळा दिसत नाही तिथे माणूस ढिला पडतो, एवढंच. म्हणजे वाटा वेगळा दिसला पाहिजे.

लॅरी मायकेलसनची टीम-बेस्ड लर्निंग पद्धत याच्यावर चांगली आहे. वाचून आलेल्या दोन पानांवर तासाच्या सुरुवातीला छोटी परीक्षा, आधी एकट्याने, लगेच तीच परीक्षा ग्रुपने. दोन्हीचे मार्क धरायचे. जो वाचून येत नाही त्याचे स्वतःचे जातात आणि वर ग्रुपसमोर तोंड दिसतं, तुम्हाला काही बोलावं लागत नाही. ग्रुपचा स्कोअर बहुतेक वेळा ग्रुपमधल्या हुशारातल्या हुशार मुलापेक्षाही जास्त येतो आणि तो फळ्यावर लावला की 'मी एकटाच करतो सर' म्हणणारे टॉपर पण जरा खाली येतात.

निर्णयाला मार्क ग्रुपचे, पण त्यानंतर प्रत्येकाने वर्गातच बसून एक पान लिहायचं, माझ्या गटाने काय ठरवलं, मला काय पटलं नाही, कुठली माहिती असती तर मत बदललं असतं. हे एकट्याचं, आणि याचे मार्क जास्त. शेवटचा प्रश्न चॅटबॉटला लिहिता येत नाही कारण टेबलावर काय झालं ते त्याला माहीत नसतं. एकमेकांना गुप्तपणे मार्क द्यायला लावणं मी सोडून दिलंय, मित्र मित्राला दहापैकी दहा देतो.

मागच्या_बाकावरची

मरगळीचं मी सांगू का? आम्हाला वाईट बातम्यांचा त्रास होत नाही, त्या आम्ही रोज फोनवर बघतोच. त्रास होतो तो प्रत्येक तासाच्या शेवटी 'आता तुमच्या पिढीच्या हातात आहे' म्हटल्यावर. आमच्या हातात काय आहे? अजून डिग्री पण नाहीये. त्याऐवजी एखादं संकट जे खरंच आवरलं गेलं ते तितक्याच खोलात शिकवा, कोणी काय दिलं, कोण अडून बसलं, पैसे कुठून आले सगळं.

जुना_खडू

लाख बोललीस. आणि असली संकटं आहेत. ओझोनच घ्या, अंटार्क्टिकावरच्या छिद्राचा शोधनिबंध १९८५ चा, ओझोन खाणाऱ्या, फ्रीजमध्येही वापरल्या जाणाऱ्या रसायनांवरचा माँट्रियल करार १९८७ चा, दोन वर्षांत. पण तिथे थांबलात तर ती परीकथा होते. वर्गाला हे द्या: करार झाला तरी भारत आणि चीन लगेच आत आले नाहीत, त्यांचं म्हणणं सरळ होतं, बिघडवलंत तुम्ही आणि आमचे फ्रीज महाग का. १९९० मध्ये लंडनला निधी ठरला, पर्यायी तंत्रज्ञानाचा खर्च श्रीमंत देश देणार असं ठरलं, विकसनशील देशांना दहा वर्षांची सवलत होतीच, मग चीन १९९१ मध्ये आणि भारत १९९२ मध्ये आला. एक गट भारत, एक अमेरिका, एक रसायनं बनवणाऱ्या कंपन्या, आणि प्रश्न असा की निधी किती आणि तो कोणाच्या ताब्यात. पोरं स्वतः भांडून निधीपर्यंत पोचतात तेव्हा त्यांना कळतं की सहकार्य म्हणजे हस्तांदोलनाचा फोटो नव्हे, कुणीतरी चेक फाडलेला असतो.

देवी रोगाचं निर्मूलन पण घेता येतं, ऐन शीतयुद्धात सोव्हिएत युनियन लस पुरवतंय आणि मोहिमेचा प्रमुख अमेरिकन, १९७७ मध्ये सोमालियात शेवटचा नैसर्गिक रुग्ण, १९८० मध्ये रोग संपल्याची घोषणा. पण त्यात भांडायला जागा कमी, म्हणून मी ओझोनच घेतो.

आणि तांदूळ 'सगळं बुडालं' असा संपत नाही, ते सांगायचं राहिलं. जपानकडे जागतिक व्यापार संघटनेच्या बंधनामुळे आयात केलेला तांदूळ गोदामात पडून होता, त्यांच्या लोकांना तो खायचा नव्हता आणि अमेरिकेच्या होकाराशिवाय बाहेर विकता येत नव्हता. २००८ च्या मे-जूनमध्ये तो फिलिपिन्सला द्यायची तयारी दाखवली आणि तांदूळ जहाजात चढायच्या आधीच भाव उतरायला लागला, नुसत्या बातमीने. जपानच्या पाकिटात हे गोदाम असतं.

नवा_मास्तर

हे वाचून उद्याच पाकिटं बनवायला घेतो. म्हणजे जपानच्या गटाला सुरुवातीपासून माहीत असतं की आपल्याकडे तांदूळ पडलाय? मग पहिल्याच फेरीत बाहेर काढतील आणि खेळ खलास.

जुना_खडू

नाही काढत. अमेरिकेची अट पण त्याच पाकिटात असते, ती वाचून गप्प बसतात, आणि बाकीचे सहा गट एकमेकांवर ओरडण्यात इतके गुंग की जपानला कुणी विचारतच नाही. अमेरिका म्हणजे तुम्ही स्वतः, मास्तरांच्या टेबलावर. कुणी येऊन विचारलं तर हो म्हणायचं, न विचारता काही बोलायचं नाही. एखाद्या वर्षी कुणीच विचारत नाही, तेव्हा शेवटच्या फेरीनंतर जपानच्या गटाला त्यांचं पाकीट मोठ्याने वाचायला लावायचं. आणि वर्गाला थोडा वेळ आरडाओरडा करू द्या, तुमचं ते मधलं लेक्चर त्यानंतर.

कडू_कारलं

हे मात्र मी पण करून बघणार. पाकिटं बनली की इथे टाका, बंदीने भाव नक्की किती वाढवायचा ते पण लिहा.